विषय: अंकाचे लेख वर्डमधून वेबसाइटवर चढवताना

नमस्कार मंडळी,

वार्षिक अंकाचे लेख जमले आहेत, सगळे वर्डमध्ये. वर्डच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये वेब पेज असा पर्याय दिसतो. तसंच करून पाठवू का? आणखी एक, काकांचा लेख माझ्याकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ते म्हणतात, त्यांच्याकडे व्यवस्थित दिसतो.

– संपादक

—

उत्तर: अंकाचे लेख वर्डमधून वेबसाइटवर चढवताना

ताई, कृपा करून तसं करू नका. त्या पर्यायाने वर्ड स्वतःची सगळी सजावट पानात कोंबतो आणि प्रत्येक परिच्छेदाला फॉन्ट, आकार, समास चिकटवतो. मग ते लेख वेबसाइटच्या रूपात बसत नाहीत आणि फोनवर तर बघवत नाहीत. तिथलाच ‘फिल्टर्ड’ वेब पेज हा पर्याय, ज्यात वर्डची बरीच सजावट गाळली जाते, त्यातल्या त्यात बरा. पण मूळ डॉक्‌एक्स फाइलच द्या, मी पॅनडॉक या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्राममधून काढतो. त्यातून स्वच्छ एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर, मिळतं आणि फोटोही वेगळ्या फोल्डरमध्ये निघतात. जुन्या डॉक फाइली पॅनडॉक वाचत नाही, त्या आधी लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून डॉक्‌एक्स करून घ्या.

मात्र मथळे ‘हेडिंग’ स्टाइलनेच द्यायला सांगा. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं शीर्षक म्हणजे प्रोग्रामच्या लेखी एक ठळक परिच्छेद. कवितांमध्ये ओळ मोडायला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की एंटर. स्पेसबार दाबून आत सरकवलेल्या ओळी ब्राउझर सरळ डावीकडे आणून ठेवतो, म्हणून ते नको.

काकांचा लेख जुन्या फॉन्टातला आहे. अशा फाइलीत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे, त्यालाच मराठी दिसतं. फॉन्ट बदलून ‘मंगल’ केला तरी उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलावाच लागतो. प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी असल्याने श्रीलिपीच्या फॉन्टाचा कन्व्हर्टर (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) कृतिदेव फॉन्टाला चालत नाही. काका, फॉन्टाचं नेमकं नाव कळवाल का?

– वेबसाइट सांभाळणारा

—

उत्तर: अंकाचे लेख वर्डमधून वेबसाइटवर चढवताना

अरे बाबा, इतकी वर्षं याच फॉन्टात लिहितोय, कुणाची तक्रार नाही. छापलेल्या अंकात तर झकास दिसायचं. एवढा खटाटोप कशाला, पीडीएफ करून देतो की! फॉन्ट कृतिदेव आहे. लेखात अधूनमधून इंग्रजी शब्द आहेत, तेही सांगून ठेवतो.

– काका

—

उत्तर: अंकाचे लेख वर्डमधून वेबसाइटवर चढवताना

काका, छापताना कागदावर फक्त आकार उमटतात, म्हणून तिथे कधी अडलं नाही. पीडीएफही दिसेल झकास. पण त्यातला मजकूर उचलला तर तीच इंग्रजी अक्षरं येतील. गुगलवर तुमचा लेख कुणी शोधला तर सापडणार नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही काहीबाही बडबडेल.

इंग्रजी शब्दांचं सांगितलंत ते फार बरं झालं. पूर्ण लेख कन्व्हर्टरमध्ये ओतला तर त्या शब्दांचंही अगम्य मराठी होतं. त्यामुळे फक्त कृतिदेवमधले तुकडे बदलायचे, बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं.

ताई, तपासताना ‘विद्यार्थी’सारखे शब्द आधी बघा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं उलट: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. कन्व्हर्टर घसरतो तो बहुधा याच दोन ठिकाणी. जोडाक्षरांवर आलेला रफार तर जरूर बघा. शुद्धलेखन तपासणीने यातलं सगळं सापडेल अशा भरवशावर राहू नका, डोळ्यांनीच वाचावं लागेल.

– वेबसाइट सांभाळणारा

—

उत्तर: अंकाचे लेख वर्डमधून वेबसाइटवर चढवताना

ठीक आहे. काकांची फाइल आज पाठवते, त्यांनी छापलेली प्रत दिली तर शेजारी ठेवून वाचेन. हेडिंग आणि शिफ्ट-एंटरचं बाकीच्या लेखकांना कळवते. दोन कवींनी ओळी स्पेसबारनेच सरकवल्या आहेत, त्यांच्याशी फोनवरच बोलावं लागेल.

– संपादक