मदत हवी: टाकीतले निऑन टेट्रा मासे सकाळी फिके पडतात, आजार आहे का?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)
टाकी २४ × १२ × १५ इंच, पाणी साधारण ६० लिटर, बोअर आणि आरओ निम्मं-निम्मं. तापमान २६ अंश, तळाला पांढरी वाळू. सकाळी दिवा लावला की निऑनचा निळा पट्टा जांभळट-राखी दिसतो, लाल रंग जवळजवळ नसतोच आणि मासे सैरावैरा पळून काचेवर आपटतात. तासाभराने सगळं पूर्ववत. निऑन स्वतः प्रकाश सोडतो, चमक गेली म्हणजे आजारी, असं दुकानात सांगितलं. औषध टाकू का?

उत्तर १ (परभणी)
औषध अजिबात टाकू नका. स्वतः प्रकाश निर्माण करणारे मासे समुद्रातले. गोड्या पाण्यात तसा एकही मासा माहीत नाही. निऑनच्या पट्ट्यात ग्वानिन या प्रकाश परतवणाऱ्या पदार्थाच्या अतिपातळ चकत्यांच्या थप्प्या असतात. त्यांच्यातलं अंतर ठरवतं कोणता रंग परत फिरणार. अंधारात ते अंतर कमी होतं, म्हणून पट्टा जांभळट. लाल मात्र रंगद्रव्य आहे, ते रात्री पेशीत गोळा होतं. उजेडात दोन्ही पुन्हा जागेवर येतात. खात्री करायची तर खोलीत पूर्ण अंधार करा, पट्टा दिसणारच नाही. मग टॉर्च तिरपी धरून हळूहळू फिरवा, कोनाप्रमाणे निळा-हिरवा बदलत जाईल.

उजेडात तासभर राहूनही अंगावर पांढरट डाग तसाच असेल, कणा वाकला असेल, मासा थवा सोडून एकटा फिरत असेल, तर तो निऑनचा रोग. त्यावर खात्रीचा इलाज नाही. तेवढा मासा लगेच वेगळा काढा.

उत्तर २ (लातूर)
आपटण्याचं कारण वेगळं. माशाला पापणी नाही, बाहुलीही आपल्यासारखी आकसत नाही. उजेडाशी जुळवून घ्यायला डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीच मागेपुढे सरकतात, त्याला अर्धा तास सहज जातो. म्हणून आधी खोलीतला दिवा, अर्ध्या तासाने टाकीचा. रात्री उलट क्रम. रोज ८ तास पुरे, जास्त ठेवलं की काचेवर शेवाळ.

टायमर बॅटरी असलेला डिजिटलच घ्या. चकतीचा स्वस्त टायमर लाईट गेली की थांबतो, आणि आपल्याकडच्या भारनियमनात आठवडाभरात त्याची वेळ पार सरकते.

प्रश्नकर्ता
दिव्यांचा क्रम ताबडतोब बदलतो. रात्री निळा दिवा मंद चालू ठेवला तर?

उत्तर १
नको हो, त्यांनाही अंधार लागतो. निळ्या दिव्यात झळाळणारे दुकानातले भडक टेट्रा वेगळे: त्यांच्यात जनुक घालून बनवलेलं प्रथिन निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकतं. दिवा बंद, चमक बंद.

उत्तर ३ (जालना)
पांढरी वाळू काढाच, तिच्यावर निऑन दिवसाही फिके राहतात. काळी बारीक खडी दीड इंच घाला, मागच्या काचेला काळा कागद. आपल्या काळ्या दगडात पांढरे कण असतात; त्यांवर आधी व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. फेस आला तर ते कॅल्साइट (चुन्याचं खनिज), पाणी आणखी जड करेल. ती खडी वापरू नका.