मदत हवी आहे: बाबांच्या लाल गाडीची चमक परत आणायची आहे

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. बाबांची २०१२ ची लाल वॅगन आर आता माझ्याकडे आलीय. इंजिन ठणठणीत आहे, पण बॉनेट आणि टप पार निस्तेज झालेत. पार्किंग उघड्यावर, वर झाड, त्यात कबुतरं. इतकी वर्षं कोरडी धूळ फडक्याने पुसली गेली, त्यामुळे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात.

रविवारी शाम्पूने धुतली. मग हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवली, तर बारीक रवा लागावा तसं खरखरीत लागलं. म्हणजे आधी क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) हवाच. ड्रायव्हरच्या दारावरच्या एका ओरखड्यात नख अडकतं, तो पॉलिशने जाणार नाही हे मान्य. बाकीच्यांत अडकत नाही.

आता खरी अडचण. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) केसाहूनही पातळ असतो आणि पॉलिश करताना तोच थोडा घासला जातो, म्हणून हात धजावत नाही. रोटरी मशीनच्या (एकाच अक्षावर गोल फिरणारं पॉलिशिंग मशीन) वाटेला जाणार नाही, कडांवर रंग उडायची भीती. पण ड्युअल ॲक्शन मशीन (गोल फिरता फिरता डगमगणारं, त्यामुळे कमी धोक्याचं) घेऊ की आधी हातानेच करून बघू? सुरुवात जास्त घासणाऱ्या कंपाउंडने करायची की सौम्य फाइन पॉलिशने? टपाच्या कोपऱ्यात पांढरट पापुद्रा सुटलाय, तिथे क्लिअर कोटच गेला असेल तर पॉलिश करून काही उपयोग होईल का?

आणि नंतर संरक्षणासाठी काय लावू? ठाण्याच्या पावसात, उघड्यावर, वॅक्स किती टिकतं? की सिलंट (कृत्रिम संरक्षक लेप) बरं?

बाबा दसऱ्याला गाडी स्वतः पुसून हार घालायचे. यंदा त्यांना ती चकचकीत दाखवायचीय. स्वतः केलेल्यांनी जरूर सांगा.