रुमालाचा उंदीर कसा बांधतात? (आणि मुंढव्याच्या त्या आजी)

कोलंबसची_आई:
मोठ्या रुमालाचा उंदीर कसा बांधायचा, एवढंच विचारायचं आहे. पण का विचारतेय तेही सांगते.

आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो. लेक पुण्यातल्या एका संस्थेतून दत्तक घेतली. 'कारा'कडे (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी केल्यापासून तिचा फोटो येईपर्यंत तीन वर्षं गेली. मग एनओसी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, परदेशात दत्तक देण्यासाठी हेग कराराप्रमाणे लागणारं प्रमाणपत्र. पासपोर्ट झाल्याशिवाय दिल्लीला व्हिसासाठी जाता येत नाही, म्हणून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बसलो होतो. लेक अडीच वर्षांची, आमच्याकडे येऊन चौथा दिवस.

ती मला 'मावशी' म्हणायची. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या मावश्याच, त्यात मी एक नवी. त्या दिवशी तासभर रडत होती. जवळ घेतलं की अंग लाकडासारखं ताठ करायची. मागून कुणीतरी म्हणालं, "बाहेर घेऊन जा ना." मला हुंदका आवरेना.

पलीकडे नऊवारीतल्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून निळ्या काठाचा रुमाल काढला, दोन मिनिटांत उंदीर केला आणि मनगटावरून टुणकन उडवला. लेक गप्प. दोन्ही हात पसरून आजींकडे झेपावली. मी इतकी थकले होते की दिलीच असती. आजींनीच हात मागे घेतले. उंदीर माझ्या तळहातावर ठेवला आणि तिला म्हणाल्या, "माझ्याकडं न्हाई बाई, तुज्या आईकडं हाय त्यो."

ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग स्वतःहून माझ्या मांडीवर चढली.

आमचं टोकन लागलं. काउंटरवरून परत येईपर्यंत आजी गेल्या होत्या. नावसुद्धा विचारलं नाही मी.

दोन वर्षं ती त्या उंदराशिवाय झोपलेली नाही. गेल्या आठवड्यात तो धुण्याच्या मशीनमध्ये पूर्ण सुटला. "आई, याला बरं कर," म्हणते. मी बांधते त्याला कानच येत नाहीत.

आजी_६१:
रुमाल कोनात दुमडून त्रिकोण करा. त्रिकोणाच्या पायाची, म्हणजे लांब बाजूची, दोन्ही टोकं मध्ये एकमेकांवर आणा. आता पायाकडून वर गुंडाळत जा, शेंड्याचं टोक मोकळं ठेवा. उलटा करून दोन्ही बाजू मध्ये घ्या, शेंडा त्यावरून आणून वळकटीत खोचा. मग मोजा उलटा करतात तसं आतलं बाहेर करत राहा, दोन टोकं बाहेर येईपर्यंत. एक शेपटी. दुसरं उलगडून त्याच्या दोन कोपऱ्यांची गाठ मारा, तेच कान. तुमचे कान इथेच अडत असतील. टोक पूर्ण उलगडत नसाल.

दोनदा_बाबा:
आमची दोन्ही मुलं दत्तक आहेत, दोघंही देशातच. तुमच्या आजींनी हात मागे घेतले, ते वाचून थांबलो. आमच्या समाजसेविकेने बजावलं होतं की पहिले काही आठवडे भरवणं, उचलणं, झोपवणं फक्त आईवडिलांनीच करायचं. कौतुकाने घ्यायला आलेल्या नातेवाइकांनाही नम्रपणे थांबवायचं. माझ्या सख्ख्या बहिणीला ते पटवताना नाकी नऊ आले होते. रडणारं मूल आपल्याकडे झेपावत असताना त्याला आईकडे वळवायला मोठं मन लागतं.

एक विनंती. पुढच्या वेळी तो रुमाल हाताने, साध्या पाण्यात धुवा. आमच्या धाकट्याच्या दुपट्याचा वास साबणाने गेला, तर दोन रात्री झोपला नव्हता.

सई_बर्लिन:
आजींचा फोटो असेल तरी कृपया कुठे टाकू नका. लेकीची गोष्टही त्याबरोबर गावभर होईल. गोष्ट तिच्यासाठी वहीत लिहून ठेवा, आजींच्या बोलीसकट.

कोलंबसची_आई:
फोटो नाहीच. वहीत आज लिहिलं, "हाय त्यो"सकट.

आजी, चार वेळा सोडून बांधला. कान आले! एक लहान, एक मोठा. लेकीने दोन्ही चाचपून पाहिले आणि माझ्या मनगटावर ठेवून "उडव" म्हणाली. उडवता मात्र येत नाही मला, नुसता घरंगळतो. बोटांनी मागून ढकलायचं असतं का?

आजी_६१:
हो, मधल्या दोन बोटांनी. शेपटीच्या बाजूने, खालून. दुसरा हात वर ठेवून त्याला गोंजारत राहायचं, म्हणजे तिला बोटं दिसत नाहीत.