स्पोर्टी फुल-फेस हेल्मेट घेताना नेमके काय पाहावे?

ए-३०२ : नमस्कार मंडळी. आमच्या मुलाने नवी मोटारसायकल घेतली असून तिला शोभेल असे, मागे स्पॉयलर (वारा कापण्यासाठीचा पंखासारखा उंचवटा) असलेले फुल-फेस हेल्मेट त्याने पसंत केले आहे. रंग आणि नक्षी यापलीकडे त्यात काय तपासावे, हे मला समजत नाही. तो रोज कॉलेजला जाणार आणि महिन्यातून एखादे वेळी लांबच्या प्रवासाला. सोसायटीच्या ग्रुपवरील अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-१०४ : काका, फुल-फेस निवडले हीच पहिली चांगली गोष्ट झाली. गाडीवरून पडताना माणूस पुष्कळदा तोंडावर जातो आणि हनुवटीसमोरचा तो पक्का कठडा अर्ध्या हेल्मेटला नसतोच. वरच्या चकचकीत कवचाकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण खरे काम आतल्या थर्माकोलच्या थराचे असते. कवच मार पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. थर्माकोल मात्र स्वतः चेपले जाऊन डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळवून देते आणि मेंदूची इजा कमी होते ती त्या मिलिसेकंदांमुळेच. हे थर्माकोल एकदा चेपले की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी ते पुन्हा वापरू नये, आणि याच कारणासाठी दुसऱ्याचे वापरलेले हेल्मेटही घेऊ नये.

बी-५०१ : कार्बन फायबरचे कवच असेल तर ते अधिक सुरक्षित असते का? आमच्याकडे यावरून बराच वाद झाला होता.

सी-१०४ : तसे सरसकट म्हणता येत नाही, वहिनी. कार्बन फायबरमुळे मुख्यतः वजन कमी होते आणि दिवसभराच्या प्रवासात मानेला तो फरक नक्की जाणवतो. परंतु पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकचे हेल्मेटही कडक चाचणी उत्तीर्ण होऊ शकते, त्यामुळे मी कवचाच्या नावापेक्षा मागच्या प्रमाणपत्राच्या खुणेला जास्त महत्त्व देतो. ईसीई २२.०६ हे युरोपात चालणारे हेल्मेट-चाचणीचे मानक मला विशेष पटते. आधीच्या २२.०५ मध्ये आघाताची चाचणी सेकंदाला ७.५ मीटर या वेगाने होत असे, २२.०६ मध्ये त्याच्या जोडीला ६ आणि ८.२ मीटरच्या चाचण्या आल्या. ८.२ मीटर म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून डोके आपटण्यासारखे आहे. कमी वेगाची चाचणी कशाला, असे वाटेल. पण फक्त मोठ्या आघातासाठी थर्माकोल फार टणक केले, तर मध्यम आपट्यात ते चेपतच नाही आणि सगळा मार डोक्याला बसतो. शिवाय हेल्मेट ४५ अंश तिरक्या, खरखरीत पृष्ठभागावर आपटून डोके किती गरकन फिरते हेही आता मोजले जाते, कारण रस्त्यावर कोणी सरळ रेषेत पडत नाही.

ए-७०३ : दादांनी सुरक्षिततेचे सांगितले, मी 'स्पोर्टी' या शब्दाबद्दल लिहिते, कारण मी ट्रॅकवरही चालवते आणि रोज ऑफिसलाही याच गाडीने जाते. मागचा स्पॉयलर टाकीवर वाकून बसलेल्या चालकासाठी असतो. त्या स्थितीत तो वारा नीट कापू देतो आणि वेगात हेल्मेट डळमळत नाही. ताठ बसून वळून मागे पाहिले की तोच स्पॉयलर वाऱ्यात अडकून मान ओढतो. रेसिंगच्या हेल्मेटमध्ये डोळ्यांसमोरची उघडी जागा वरच्या बाजूला जास्त असते, तीही वाकल्यावर पुढचे दिसावे म्हणूनच. कॉलेजला ताठ बसून जाणाऱ्या मुलाला छोटा स्पॉयलर पुरेसा आहे. हवेच्या झरोक्यांबद्दल इतकेच सांगते की हनुवटीजवळचा झरोका आणि मागची हवा बाहेर पडण्याची वाट, दोन्ही खरोखर आतपर्यंत उघडतात का, ते अस्तर बाजूला करून पाहावे. काही हेल्मेटांवर ती नुसती नक्षी असते.

ए-३०२ : आणि काळी काच? त्याचा सगळा जीव त्या काळ्या काचेत अडकला आहे.

ए-७०३ : काका, ती फक्त दिवसासाठी आहे, हे त्याला ठामपणे सांगा. मागच्या पावसाळ्यात मी काळी काच लावून दुपारी निघाले आणि परतताना अंधार झाला. त्यात काचेवर श्वासाची वाफ धरली. समोरच्या गाडीचा मागचा दिवा मला एका लालसर डागासारखा दिसत होता. काच वर करावी तर पावसाचे थेंब डोळ्यांत टोचत होते. शेवटी एका पुलाखाली अर्धा तास थांबले. तेव्हापासून पारदर्शक काच आणि तिच्या आतून बसवायचा पिनलॉकचा पापुद्रा यांवर मी तडजोड करत नाही. दोन काचांमध्ये हवेचा थर अडकतो, आतली काच थंड पडत नाही आणि वाफ धरत नाही. मात्र हेल्मेटच्या काचेला पिनलॉकसाठी दोन बाजूंना खुंट्या हव्यात, हे घेतानाच पाहावे.

सी-१०४ : ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. आता माप, आणि इथे मी काकांचा थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. भुवयांच्या सुमारे अडीच सेंटिमीटर वरून डोक्याभोवती टेप फिरवून घेर घ्यावा. पण दोन सारख्या घेरांची डोकी एक गोल आणि एक लांबट असू शकतात, म्हणून ऑनलाइन तक्त्यावर विसंबू नये. हेल्मेट घालताना कानांना जरा घासले पाहिजे, गाल वर ढकलले गेले पाहिजेत. हेल्मेट हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवले तर गालांची कातडी बरोबर फिरली पाहिजे. पट्टा बांधून मागची कड वर ढकलावी. डोक्यावरून निघून आले, तर ते हेल्मेट त्याचे नव्हे. मग वीस मिनिटे डोक्यावर ठेवून काढावे आणि कपाळ आरशात पाहावे. एकाच जागी लाल वण उठला असेल तर आकार जुळत नाही. गालांच्या गाद्या वापराने थोड्या बसतात, त्यामुळे तेवढा घट्टपणा चालतो. कपाळावरचा टोचणारा दाब मात्र पुढेही जात नाही.

बी-५०१ : पट्ट्याला दोन कड्या असतात तो प्रकार बरा, की टिक् करून बसणारा?

सी-१०४ : नीट लावले तर दोन्ही चालतात. दोन कड्यांची डबल डी-रिंग दरवेळी गळ्याच्या मापाने आवळली जाते, म्हणून रेसिंगमध्ये तीच वापरतात. दातेरी पट्टीचे बकल हातमोजे घालूनही लावता येते, पण पट्टा हळूहळू सैल होतो, तो अधूनमधून पाहावा लागतो. आणखी एक गोष्ट. काही हेल्मेटांत गालांच्या गाद्यांना खाली छोट्या लाल पट्ट्या असतात. अपघातानंतर त्या ओढल्या की गाद्या निघतात आणि मानेला हिसका न देता हेल्मेट उतरवता येते. मी ही पट्टी घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवली आहे.

ए-३०२ : सर्वांचे मनापासून आभार. मुलाने हे सगळे वाचले असून काळ्या काचेचा हट्ट सोडला आहे; स्पॉयलरचा अजून सोडलेला नाही. तुमची हरकत नसेल तर रविवारी सकाळी तो खाली पार्किंगमध्ये येऊन तुमची दोन्ही हेल्मेट घालून पाहील.

ए-७०३ : जरूर पाठवा, काका. माझे मध्यम मापाचे आहे, दादांचे मोठे. टेप मी घेऊन येते.