आईसाठी इलेक्ट्रिक स्कूटर, इंदूरला: डीलरला काय काय विचारायचं?

प्रेषक: मिसिसागा

सगळ्यांना नमस्कार,

प्रश्न आपल्या मंडळाच्या या ईमेल लिस्टच्या कामाचा नाही, पण आपल्यात इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याची बरीच घरं आहेत, म्हणून इथेच विचारते. आई इंदूरला राजेंद्र नगरात एकटी राहते. वय ६३. जुनी पेट्रोलची गाडी आता रोज दगा देते, त्यामुळे तिला इलेक्ट्रिक घ्यायची आहे. फिरणं फार नाही: भाजी, बँक, मंगळवारचं भजन, अधूनमधून सानंद या मराठी संस्थेचं नाटक. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर झाले तरी खूप.

ती एका शोरूममध्ये जाऊन आली. तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, एकदा चार्ज केली की १४० किलोमीटर. लायसन्स नको, आरटीओ नको." आई खूश आहे, मला मात्र धास्ती वाटते. पैसे मी इथून, कॅनडातून पाठवीन, पण समोर बसून विचारायचं तिलाच आहे. शिवाय नोव्हेंबरात ती सहा महिने माझ्याकडे येते, तेव्हा गाडी नुसती उभी राहणार. तिला काय काय विचारायला सांगू?

राजेंद्र नगरची लेक

-----

प्रेषक: रामबाग, इंदूर

बेटा,

मी टोरांटो सोडून इंदूरला परत आलो त्याला चार वर्षं झाली. लिस्टवरून नाव काढलं नाही ते अशा पत्रांसाठीच.

सगळ्यात आधी सर्व्हिसचं विचारायचं, बाकी सगळं नंतर. मी माझी पहिली इलेक्ट्रिक गाडी रंग आणि किंमत बघून घेतली. चौदाव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, कंट्रोलर गेला. बॅटरीतून मोटरला किती वीज सोडायची हे ठरवणारा तो डबा. शोरूमवर गेलो तर शटर खाली. कंपनीच्या फोनवर कळलं की जवळचं वर्कशॉप आता भोपाळला. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने माझ्या सगळ्या गाड्या तीस वर्षं सांभाळल्या, पण हिला हात लावेना. म्हणाला, "भिया, इसमें मेरा पाना नहीं चलता." ४७ दिवस गाडी जिन्याखाली उभी होती आणि मी रिक्षाने फिरत होतो.

म्हणून आईला सांग, शोरूम नंतर बघ, आधी मागचं वर्कशॉप बघ. किती गाड्या उघडून पडल्या आहेत आणि त्यातल्या किती नुसत्या पार्टची वाट बघताहेत, ते डोळ्यांनी दिसतं. गाडी घ्यायला आलेल्या दोघा-तिघांना विचारायचं, किती दिवस लागले. मग डीलरला विचारायचं: कंट्रोलर, चार्जर, डिस्प्ले इंदूरच्या गोदामात असतात की मागवावे लागतात? गाडी रस्त्यात बंद पडली तर उचलायला कोण येतं, आणि महू किंवा देवासच्या रस्त्यावर असली तर येतं का?

आता ते "लायसन्स नको". कायद्याने ही सूट फक्त २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाडीला आहे. त्याहून पुढची प्रत्येक गाडी मोटार वाहन, म्हणजे लायसन्स, विमा आणि हिरवी नंबर प्लेट लागणारच. मुलाने सांगितलेली दोन वाक्यं बहुधा दोन वेगळ्या गाड्यांची आहेत. काही ठिकाणी कागदावर २५० वॉट लिहितात आणि गाडी पंचेचाळीसने पळते. अशा गाडीने कुणाला धक्का लागला तर विमा नाही, कागद नाही, आणि सगळं आईच्या गळ्यात. डीलरने खरंच "रजिस्ट्रेशन नको" म्हटलं, तर त्या मॉडेलचं तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट मागायचं. पुण्याच्या एआरएआयचं किंवा आयकॅटचं असतं. ते नुसतं दाखवून भागत नाही, प्रत घरी आणायची. आईचं लायसन्स चालू असेल तर नंबरवालीच घ्या. एबी रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने जाणं मला तरी धोक्याचं वाटतं.

किंमत विचारताना "ऑन-रोड, चार्जर धरून" असं विचारायचं. चार्जर वेगळा विकल्याबद्दल २०२३ मध्ये काही मोठ्या कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले होते. सबसिडीचे नियमही बदलत आले आहेत: केंद्र सरकारची फेम-२ ही योजना ३१ मार्च २०२४ ला संपली, १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह ही योजना आली. तीत पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला ५,००० रुपये होते, पुढच्या वर्षी निम्मे झाले. तेव्हा सबसिडी मिळणार असेल तर ती बिलावर वेगळ्या ओळीत लिहून घ्यायची.

मी येत्या शनिवारी आईंबरोबर जाऊ का? राजेंद्र नगर मला काही लांब नाही.

काका

-----

प्रेषक: ओटावा

काकांचं सर्व्हिसचं अगदी पटलं. मी बॅटरीच्या कामात आहे, म्हणून तेवढंच लिहिते.

"किती किलोमीटर जाते" असं विचारलं की जाहिरातीतला आकडा मिळतो. तो चाचणीतल्या ठरावीक चालीवर काढलेला असतो. त्याऐवजी "बॅटरी किती युनिटची" असं आईंना विचारू दे. किलोवॅट-तास म्हणजे लाइट बिलावरचं आपलं युनिटच. डीलर व्होल्ट आणि अँपिअर-तास सांगू लागला तर गुणाकार करायचा: ६० व्होल्ट आणि ३० अँपिअर-तास म्हणजे १,८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. गावातल्या रहदारीत एका युनिटला साधारण ३० ते ३५ किलोमीटर धरा. म्हणजे एवढ्या बॅटरीची गाडी पन्नास-साठ किलोमीटर जाईल, १४० नाही. आईंच्या रोजच्या फिरण्याला तेवढीही पुरते. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

बॅटरी कुठल्या प्रकारची, हेही विचारा. कमी वेगाच्या स्वस्त गाड्यांत अजून लेड-ॲसिड येते. ती जड असते आणि वर्ष-दीड वर्षात बसते. लिथियममध्ये एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची उष्णतेला जास्त टिकाव धरते, आणि इंदूरच्या मे महिन्यात मी तिलाच पसंती देईन. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. गाडी त्यात बसते का, आणि ती बनली कुठल्या महिन्यात, दोन्ही विचारा. गोदामात वर्षभर रिकाम्या बॅटरीवर उभी असलेली गाडी नवी म्हणून घेण्यात अर्थ नाही.

वॉरंटी किती वर्षं, एवढ्यावर थांबू नका. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देणार? नवी देणार की दुरुस्त केलेली? काही महिने चार्ज केली नाही तर वॉरंटी जाते का? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. सहा महिने उभी गाडी पूर्ण रिकामी झाली तर सेल कायमचे जातात, आणि गच्च भरून ठेवणंही चांगलं नाही. अर्धी-साठ टक्के ठेवून निघायचं, आणि महिन्याला एकदा कुणीतरी बघायला हवं. आतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी असेल तर तीही उतरते.

आणखी एक: गाडीच्या मोबाइल ॲपला फोन नंबर आईंचा द्या. तुमचा कॅनडाचा दिला तर ओटीपी इथे येईल आणि त्या तिथे पार्किंगमध्ये उभ्या राहतील.

ओटावाची ताई

-----

प्रेषक: मिसिसागा

ताई, काका, मनापासून आभार. ओटीपीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी माझाच नंबर देणार होते. आईचं लायसन्स चालू आहे, आत्ताच फोनवर बघायला लावलं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. डीलर म्हणतो बॅटरी काढून वर नेता येते. काका, शनिवारी नक्की जा, ती वाट बघतेय.

-----

प्रेषक: रामबाग, इंदूर

बेटा,

आज जाऊन आलो. आईंनी सगळे प्रश्न वहीत लिहून आणले होते, एका पानाला एक, खाली उत्तराला जागा सोडून. डीलरने पहिली दोन उत्तरं बोलून दिली. आईंनी पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, म्हणजे मला चुकीचं ऐकू आलं असं नको व्हायला." त्याने मॅनेजरला बोलावलं. त्यानंतर उत्तरं नीट यायला लागली. "लायसन्स नको" ती दुसरीच, छोटी गाडी निघाली. १४० वालीला सगळं लागतं, आणि मॅनेजरने स्वतःच्या हाताने "शहरात ९० ते १००" लिहून दिलं.

मग आईंनी असं काही विचारलं जे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. "ही बंद पडली तर मला ढकलता येईल का?" गाडी ११० किलोच्या वर आहे. त्यांनी तिथेच, पदर खोचून, ती मधल्या स्टँडवर चढवून बघितली. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा मी हात लावला तेव्हा चढली. बाजूच्या स्टँडवर लावणं आणि रिव्हर्स टाकून मागे घेणं मात्र सहज जमलं. बॅटरी उचलून बघितली तर एक पेटी अकरा किलोची, आणि अशा दोन. दुसऱ्या मजल्यावर त्या न्यायच्या नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

म्हणजे चार्जिंग खाली पार्किंगमध्येच. तिथे आईंच्या स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून, छपराखाली १६ अँपिअरचा पॉइंट काढायचा. खाली आत्ता एक जुना सॉकेट आहे, पण टेस्टर लावला तर अर्थिंगच नाही. एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावू देणार नाही, हे मी आईंना सांगितलं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोंडी हो म्हटलंय, अर्ज मी लिहून देतो.

वर्कशॉपमध्ये नऊ गाड्या होत्या, दोन पार्टसाठी अडकलेल्या. एका गृहस्थांची सहा दिवस. माझ्या ४७ पुढे हे चांगलंच म्हणायचं. उभी ठेवल्यास वॉरंटी जाते का, याला मॅनेजरने "कंपनीला विचारून कळवतो" असं लिहिलंय, म्हणून बुकिंगचे पैसे अजून दिलेले नाहीत. आईंना वजनाने हलकी अशी दुसऱ्या कंपनीचीही एक बघायची आहे, ती मंगळवारी, भजनाच्या आधी.

तू नोव्हेंबरात आईंना नेशील तेव्हा किल्ली आणि चार्जर माझ्याकडे ठेव. महिन्यातून एकदा मी चालवून आणीन. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय, खर्चाचा अंदाज कळवतो.

काका