जुनी ऑटोमॅटिक एस्टीम ट्रॅव्हलरच्या मागे टोचन करून न्यायची आहे, गिअरबॉक्समध्ये काय बदल करावे लागतील?

धंतोलीचा_एस्टीमवाला
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे जाणकार लोक आहेत म्हणून विचारतो. बाबांची १९९८ ची मारुती एस्टीम एएक्स आहे आमच्याकडे, तीन गिअरवाली ऑटोमॅटिक, आरसी रिन्यू केलेली, इंजिन एकदम ओके. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लचवाली गाडी मला जमत नाही, त्यामुळे ही गाडी मी विकणार नाही म्हणजे नाही. आता लहान भावाने जुनी ट्रॅव्हलर घेऊन त्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे अन् आईला घेऊन चिखलदरा, पेंच, ताडोबा असं फिरायचं ठरतंय. ट्रॅव्हलर मोठी, गावातल्या गल्लीत शिरत नाही, आईला स्कूटरवर बसवत नाही. म्हणून डोक्यात आलं की एस्टीम मागे बांधून न्यावी, तिथे पोचलो की सोडायची अन् फिरायची. परदेशात लोक सर्रास करतात असं पाहिलंय. न्यूट्रलला टाकून नेली तर चालेल ना? की गिअरबॉक्सला काही करून घ्यावं लागेल? नागपूर ते चिखलदरा सव्वादोनशे किमीच्या आसपास पडतं, वर परतवाड्यानंतर घाट.

वाडी_गॅरेज
भाऊ, न्यूट्रलला टाकून चारही चाकं रोडवर ठेवून नेऊ नका, गिअरबॉक्स जाईल. कारण सांगतो नीट, कारण हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. ऑटोमॅटिकच्या आत जो ऑइल पंप असतो तो टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणारा भाग) गळ्यावरून फिरतो, म्हणजे इंजिन फिरलं तरच पंप फिरतो. तुम्ही इंजिन बंद करून टोचन लावलं की पुढची चाकं फिरून राहिली, चाकांमुळे आतला आउटपुट शाफ्ट, प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर), क्लचचे ड्रम सगळे फिरून राहिले, अन् पंप मात्र ठप्प. ऑइल खाली पॅनमध्ये पडून राहतं, वर बुशांपर्यंत (शाफ्ट ज्यात फिरतात ती कडी) एक थेंब चढत नाही. न्यूट्रल म्हणजे फक्त इंजिनचा संबंध तुटला, चाकांचा नाही तुटला. थोडं अंतर हळू नेलं तर सहन करतं, जुन्या मर्सिडीजच्या पुस्तकात सुद्धा ताशी ५० च्या आत अन् ५० किमीपर्यंतच अशी मर्यादा दिलेली असायची, ती पण गाडी बंद पडली तर गॅरेजपर्यंत नेण्यासाठी. सहलीसाठी नाही. अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा, खालून डांबर तापलेलं, तिथे कोरडे बुश किती टिकतील तुम्हीच पाहा.
मॅन्युअल गाडीत काय होतं की खालचा गिअर ऑइलमध्ये बुडालेला असतो अन् फिरताना तेच ऑइल वर उडवतो, म्हणून पुष्कळशा मॅन्युअल गाड्या न्यूट्रलमध्ये टोचन सहन करतात. तुमची एएक्स त्यातली नाही.

टेक्सासवाला_नागपूरकर
मी मूळचा महालचा, सध्या अमेरिकेत. इथे माझ्या शेजाऱ्याकडे जुनी होंडा सीआरव्ही आहे, ऑटोमॅटिक, तो ती मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर वर्षानुवर्षं नेतोय, काही झालं नाही. पद्धत कंपनीच्या पुस्तकातच आहे: इंजिन चालू करून डी मध्ये टाकायची, थोडं थांबून न्यूट्रल, मग तीन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं, मग बंद, पण किल्ली पहिल्या खाचेत ठेवायची म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही. मग सगळ्या ऑटोमॅटिकला चालणार नाही असं कसं म्हणता दादा?

वाडी_गॅरेज
टेक्सासवाले दादा, तुमचं बरोबर आहे पण ते होंडाचं आहे. होंडाच्या त्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर नसायचेच, मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट अन् तिरप्या दातांचे गिअर असायचे, म्हणून कंपनीने स्वतः परवानगी दिली. २०१५ ला सीआरव्हीत सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा अन् पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) आला अन् ती परवानगी गेली. एकाच कंपनीची एकाच नावाची गाडी, आतला गिअरबॉक्स बदलला की उत्तर बदललं. आपल्याकडच्या २००४ नंतरच्या सीव्हीटीवाल्या होंडा सिटीला पण हेच लागू, ती चाकांवर ओढायची नाही. म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडा, टोइंगचं पान वाचा. एस्टीमवाले भाऊ, ग्लोव्ह बॉक्समध्ये पुस्तक असेल तर पाहा.

हिंगणा_फॅब्रिकेशन
मी ट्रॉल्या बनवतो म्हणून सांगतो. गिअरबॉक्स वाचवायचे दोन उपाय लोक सांगतात. एक म्हणजे बाहेरून १२ व्होल्टचा पंप लावायचा, कूलरच्या पाइपात, तो टोचन चालू असताना ऑइल फिरवत राहतो, अमेरिकेत असले किट मिळायचे. पण त्याला प्रेशरचा दिवा समोरच्या ड्रायव्हरपुढे पाहिजेच पाहिजे, नाहीतर वायर सुटली, पंप बंद पडला अन् तुम्हाला कळलंच नाही तर पोचेपर्यंत सगळं संपलं. एस्टीमसाठी असलं काही तयार मिळणार नाही, जुगाड करावा लागेल अन् या कामात जुगाड मी करत नाही.
दुसरं म्हणजे अॅक्सल काढून ठेवायचे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे सोपं, प्रोपेलर शाफ्ट सोडला की झालं. पण एस्टीमला पुढची चाकं ओढतात, अॅक्सल काढला तर हबच्या बेअरिंगला दाबून धरणारं काही राहत नाही, बेअरिंग सैल होऊन चाकच डुलायला लागतं. बाहेरच्या जॉइंटचा तुकडा हबमध्ये घालून नट टाईट करावा लागतो, तिकडे गिअरबॉक्सच्या भोकांना बूच मारावं लागतं नाहीतर ऑइल गळतं. अन् हे सगळं चिखलदऱ्याला पोचल्यावर उलटं करायचं, आई ट्रॅव्हलरमध्ये चहाची वाट पाहून राहिली अन् तुम्ही जॅक लावून गाडीखाली. कायले करता हे?
माझं मत, पुढची दोन्ही चाकं वर उचलणारी डॉली किंवा सरळ अख्खी गाडी चढेल अशी ट्रॉली. डॉलीवर मागची चाकं रोडवर राहतात, ती एस्टीममध्ये मोकळी असतात, हँडब्रेक सोडायला विसरायचं नाही फक्त. पण डॉली लावून रिव्हर्स घेता येत नाही, घाटात समोरून एसटी आली अन् मागे सरकायची वेळ आली तर अडकाल. म्हणून ट्रॉली बरी.

धंतोलीचा_एस्टीमवाला
खूप धन्यवाद, डोक्यात प्रकाश पडला. एक शंका, एस्टीमचं इंजिन चालू ठेवूनच न्यूट्रलमध्ये नेली तर? मग पंप पण चालेल, ब्रेकचा सर्वो (ब्रेक हलका करणारा भाग) पण चालेल.

वाडी_गॅरेज
पंप चालेल हे खरं. पण मग आत कोणी बसलेलं नसताना पाच तास इंजिन आयडलवर सोडायचं, रेडिएटरचा पंखा बंद पडला, पाणी उकळलं तर पाहणार कोण? अन् कोणी आत बसलंच असेल तर त्याने सरळ चालवतच न्यावी. अजून एक, तुमचा किलोमीटरचा काटा केबलवर आहे, चाकं रोडवर फिरली की ते सगळे किलोमीटर मीटरवर चढणार.
अन् ब्रेकचं मनापासून सांगतो. नऊशे किलोच्या आसपासची गाडी मागे, तिला स्वतःचा ब्रेक नाही, परतवाड्याच्या वरून उतरताना ती ट्रॅव्हलरला ढकलणार. दोरीने बांधली तर सरळ मागून येऊन आदळणार. यात आई बसलेली आहे, गिअरबॉक्सपेक्षा याची काळजी जास्त करा.

रामदासपेठ_वकील
तांत्रिक चर्चा छान चाललीये पण कायदा कोणीच काढला नाही. १९८९ च्या रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट होतं की बिघडलेली किंवा अर्धवट जोडलेली गाडी, नोंदणी झालेली ट्रेलर आणि साइडकार एवढंच ओढता येतं, बाकी फक्त डिलिव्हरीसाठी किंवा जवळच्या गॅरेज, पेट्रोल पंपापर्यंत. मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसलेला हवा किंवा तिची पुढची चाकं वर उचललेली हवीत, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे पांढऱ्यावर काळ्या ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत ऑन टो लिहिलेलं हवं, आणि वेग ताशी २४ किमीच्या वर नाही. २०१७ मध्ये नवीन विनियम आले पण गाभा तोच राहिला. म्हणजे चांगली चालती एस्टीम सहलीला ओढून नेणं यात बसतच नाही, वाटेत पोलिसांनी थांबवलं तर तुमची बाजू मांडायला मला काही सापडणार नाही. ट्रेलर मात्र मोटार वाहन कायद्यात स्वतः वाहनच धरलेलं आहे, त्याची वेगळी नोंदणी करा, नंबर घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा. हिंगणावाले भाऊ ट्रॉली बनवून देतील पण पासिंग कसं होईल ते आधी विचारा, मग अॅडव्हान्स द्या.

हिंगणा_फॅब्रिकेशन
वकीलसाहेब बरोबर बोलले. मंजूर डिझाइनची ट्रॉली घ्यावी लागते, मनाने वेल्डिंग करून पासिंग होत नाही. स्वतःचा ब्रेक असलेलीच घ्या.

धंतोलीचा_एस्टीमवाला
भावाशी बोललो. टोचनचा विचार सोडला. चिखलदऱ्याला या वेळी एस्टीम फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) आदल्या दिवशी अमरावतीपर्यंत पाठवू, तिथे मावसभाऊ उतरवून घेईल, पुढे आम्ही पोचलो की मी चालवत नेईन, घाटात ऑटोमॅटिक दोन नंबरला ठेवून. ट्रॉलीचं पासिंगसकट पाहतोय. फ्लॅटबेडवर गाडी बांधताना काय लक्षात ठेवायचं?

वाडी_गॅरेज
बेल्ट चाकांवरून बांधायला सांगा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला हूक लावू देऊ नका, जुन्या एस्टीमचा पुढचा क्रॉसमेंबर गंजलेला असतो, तो पण आधी खालून पाहून घ्या. चढवताना न्यूट्रल, विंच (गाडी वर ओढणारं दोराचं यंत्र) हळू. वर गेल्यावर चारही बेल्ट आवळायचे, हँडब्रेक ओढायचा, मग पी मध्ये टाकायची. बेल्टच्या आधी पी मध्ये टाकली तर गाडीचं सगळं वजन आतल्या एवढ्याशा पार्किंगच्या खटक्यावर येतं. वीस-पंचवीस किमीवर, म्हणजे कोंढाळीच्या आधीच कुठेतरी, ड्रायव्हरला थांबून बेल्ट परत आवळायला सांगा, गाडी हलून हलून ते सैल होतात.