मदत हवी आहे: कार्यप्रशिक्षण संपलं, आता बहिणीने पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण आयटीआय झालेली, ट्रेड इलेक्ट्रिशियन. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवरून नोंदणी करून ती एका खासगी कारखान्यात लागली. विद्यावेतन महिना 8,000 रुपये, सरकारकडून थेट बँक खात्यात (बारावीवाल्यांना 6,000, पदवीधरांना 10,000). शिकवायचं काम कारखान्याचं. पॅनल वायरिंग, मोटारीची दुरुस्ती ती खरंच मन लावून शिकली.

मुदत संपली तेव्हा साहेब म्हणाले, "सध्या जागा नाही." कायम करून घ्यायचं बंधन नाही, हे समजतं. पण प्रमाणपत्रासाठीही आज या, उद्या या चाललंय, त्याचं फार वाईट वाटतं.

प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात लेखी अर्ज कोणी दिला आहे का? सोबत काय जोडलं? आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यात इलेक्ट्रिशियनला खरोखर जागा मिळतात का, की त्यापेक्षा आता शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप धरावी?

आम्ही सिन्नरकडचे. नाशिकमधलं सातपूर, अंबडही चालेल, फक्त रात्रपाळीला कंपनीची बस हवी. आईची तेवढीच अट आहे.